घरात राहिलेली मुले आणि चित्रपटाची कला

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात कोपरखैरणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविला, त्यामुळे अशा प्रसंगी आमचे मन भरून येते हे आपणांस सांगावयास नको. परंतु कार्यवाहांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हाच आम्ही मनाशी ठरविले होते की, जी मुले या व्यासपीठावर कधीच येत नाहीत, आणि पुष्कळदा या मंडपातही आणली जात नाहीत, त्यांच्याविषयी बोलावयाचे. आपल्या घराघरांतील बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांना चित्रपट तयार करण्याचे शिक्षण द्यावे, आणि ते आपल्याच सभागृहात द्यावे, अशी आमची सूचना आहे. ती ऐकताच मागच्या रांगेत हशा पिकला, तो आम्हांस ऐकू आला. हसण्यास हरकत नाही. पण पुढचे ऐकून घ्यावे.

गेल्या वर्षी आपल्या संस्थेने कुटुंब-पत्रिका भरून घेतल्या. तीन टाकीच्या बाजूच्या काही घरांचे काम आमच्याकडे होते. एका घरी गेलो. गृहस्थांनी अपत्ये दोन म्हणून सांगितली. आतल्या खोलीच्या दारात एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता, एका लयीत पुढे-मागे डुलत. आम्ही त्याच्याकडे पाहिले तेव्हा गृहस्थ हळूच म्हणाले, "गुरुजी, त्याचे नाव नको. ताईचे लग्न जमवायचे आहे. हा कागद वधूवर समितीकडे जातो ना?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, "लिवा गुरुजी, त्याला नाव हाय." गृहस्थांनी मान खाली घातली, पण नाही म्हटले नाही. आम्ही नाव लिहिले.

असा प्रसंग एकाच घरी आला असता तर आम्ही तो येथे बोलून दाखविला नसता. आणि ही गोष्ट केवळ आपल्या आगरी समाजाची आहे असेही नाही. जेथे जेथे लग्ने ज्ञातीत जमतात तेथे तेथे ती आहे. थोरल्या बहिणीचे लग्न अडेल या भयाने धाकटा भाऊ कागदावरून पुसला जातो. मग तो लग्नघरी जात नाही, गौरीगणपतीत पाहुणे आले की आत बसतो, आणि एक दिवस असा येतो की शेजाऱ्यांनाही तो आठवत नाही.

येथे शब्दांचा घोळ थोडा दूर करणे अवश्य आहे. वेड लागणे निराळे आणि बुद्धीची वाढ मंद असणे निराळे. पहिला आजार आहे. तो कोणासही, कोणत्याही वयात होतो व औषधाने आटोक्यात येऊ शकतो. दुसरी जन्मापासूनची अगर बालपणीची अवस्था आहे. पूर्वी 'मतिमंद' म्हणत असत. आता कायद्याने 'बौद्धिक दिव्यांग' असा शब्द आला आहे. स्वमग्नता, म्हणजे ज्यास डॉक्टर ऑटिझम म्हणतात, ती याहूनही वेगळी. स्वमग्न मुलाची बुद्धी कमी असेलच असे नाही. पण बोलणे, नजरेला नजर देणे, गर्दी व गोंगाट सोसणे त्यास जड जाते, आणि ठरलेला क्रम मोडला की तो कासावीस होतो. आणखी एक. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला, तेव्हापासून लोक कोणत्याही अशा मुलाला 'तारे जमीन पर' म्हणू लागले आहेत. त्या चित्रपटातील मुलाला डिस्लेक्सिया होता, म्हणजे अक्षरे वाचण्याची अडचण. त्याची बुद्धी उत्तमच होती. सर्वांस एकाच नावाने हाक मारली म्हणजे कोणाचीच गरज कळत नाही.

आमच्या लहानपणी येथे भातशेते होती, खाडीकाठी मिठागरे होती. तेव्हाही अशी मुले होतीच. परंतु त्यांना काम होते. पाखरे हाकावी, गुरांमागे जावे, मिठाच्या कोंडीजवळ बसून राहावे. जे ज्यास जमे ते तो करी, आणि संध्याकाळी सर्वांबरोबर जेवावयास बसे. त्याचे लाड होत नसत, थट्टाही होई. आम्ही जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. पण तो माणसांत असे. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, नगर उभे राहिले. आपल्या मुलांना शाळा मिळाल्या, नोकऱ्या मिळाल्या. या एका मुलाचे मात्र शेत गेले ते गेलेच. त्याच्या बदल्यात त्यास तिसऱ्या मजल्यावरील खिडकी मिळाली.

शाळा नाहीत असे नाही. मुंबईत शिवडीला जय वकील यांची शाळा आहे. १९४४ साली आपल्या मुलीच्या निमित्ताने त्या माउलीने हे कार्य आरंभिले. वाशीला महापालिकेचे ई.टी.सी. केंद्र आहे, खारघरला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. ज्यांनी आजवर तेथील पायरी चढली नसेल त्यांनी प्रथम ती चढावी. आमचा वर्ग त्यांच्या जागी नाही. पण साधारण अठराव्या वर्षी शाळा संपते आणि त्यापुढे पुष्कळांच्या वाट्यास पुन्हा घरच येते. आईबापांच्या जिवाला जो प्रश्न खातो, "आमच्या मागे याचे कसे होणार," तो खरा तेथे सुरू होतो.

थोडे विषयांतर करतो, कारण हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. हे कागद ज्यांचे झाले नसतील त्यांनी संमेलनानंतर आम्हांस भेटावे. अर्ज लिहून देण्याइतके अक्षर आमचे अजून बरे आहे.

आता चित्रपटाकडे येऊ.

अशा मुलांविषयीचे चित्रपट मराठीत काही नवे नाहीत. १९९१ साली संजय सूरकरांनी 'चौकट राजा' काढला. त्यातील नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी अशी केली की ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनातून नंदू गेला नाही. २०१७ साली प्रसाद ओक यांचा 'कच्चा लिंबू' आला. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवर तो आधारलेला आहे, आणि अशा मुलाच्या आईबापांचे रात्रंदिवसाचे जिणे त्यात कसलाही आडपडदा न ठेवता दाखविले आहे. दोन्ही चित्रपट मोलाचे. पण दोहोंत त्या मुलाचे सोंग दुसऱ्या कोणी वठविले होते. २०१४ साली महेश लिमये यांचा 'यलो' प्रदर्शित झाला, आणि तेथे पायरी बदलली. पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांना डाउन सिंड्रोम आहे. त्यांच्याच आयुष्यावरचा तो चित्रपट, आणि मोठेपणीची गौरी त्यात त्या स्वतः झाल्या. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये 'सितारे जमीन पर' हा हिंदी चित्रपट आला. तो २०१८ च्या एका स्पॅनिश चित्रपटावरून घेतलेला आहे, आणि त्यात अशा दहा तरुण-तरुणींनी कामे केली आहेत.

म्हणजे आधी त्यांच्याविषयी दुसऱ्याने बोलावयाचे, मग त्यांनी स्वतः पडद्यावर यावयाचे. पुढची पायरी म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे उभे राहणे. काय दाखवावयाचे हे त्यांनी ठरवावे आणि आपण पाहावे. आमचे म्हणणे या पायरीपुरतेच आहे.

ही आमची कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 'बी माय ब्रदर' नावाचा एक लघुपट निघाला. त्याला २००९ साली तेथील मोठ्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले; त्याचा नायक जेरार्ड ओड्वायर याला डाउन सिंड्रोम असून उत्तम अभिनयाचे पारितोषिकही त्यालाच मिळाले. तो काढणाऱ्या मंडळींनी त्याच वर्षी 'बस स्टॉप फिल्म्स' ही संस्था काढली व बौद्धिक दिव्यांग तरुणांचे चित्रपट-वर्ग सुरू केले. त्यांची रीत आम्हां शिक्षकांस विचार करावयास लावणारी आहे. चित्रपटाच्या महाविद्यालयात जे शिकवितात तेच ते शिकवितात. विषय पातळ करीत नाहीत, भाषा सोपी करतात. आणि विद्यार्थ्यांकडून धंद्यातील जाणत्या लोकांच्या बरोबरीने खरा लघुपट करून घेतात. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे २००४ पासून 'ऑस्का ब्राइट' नावाचा चित्रपट-महोत्सव भरतो. तेथे चित्रपट निवडणारे आणि महोत्सव चालविणारे हे स्वतःच अशा अवस्थेतील लोक आहेत. फार दूर कशाला जावे? पुण्याची सरकारी चित्रपट शिक्षण संस्था, जी १९६० साली प्रभात कंपनीच्या जागेत उभी राहिली, तिने २०१७ पासून 'स्किफ्ट' या नावाने ठिकठिकाणी छोटे वर्ग घ्यावयास आरंभ केला, आणि त्यांत स्वमग्न व्यक्तींना मोबाईल फोनवर चित्रपट करावयास शिकविण्याचेही वर्ग झाले.

"पण गुरुजी, ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नाही तो चित्रपट काय करणार?" हा प्रश्न आम्हांस कार्यकारी मंडळातच विचारला गेला. उत्तर त्या प्रश्नातच आहे. ज्याला लिहिता येत नाही त्यालाच दाखविता येण्याची गरज अधिक. शाळेत आम्ही पाहिले की, अक्षर आले नाही म्हणजे मुलाचे सारे ज्ञान बंद पेटीत राहते. पेटीत काही आहे की नाही हेही कोणी पाहत नाही. चित्रपटाला अक्षर लागत नाही. गोष्ट कागदावर चौकटी आखून चित्रांनी मांडतात. मोठमोठे दिग्दर्शकही तसेच करतात, त्यास 'स्टोरीबोर्ड' म्हणतात. ज्याला चित्र काढता येत नाही तो फोटो चिकटवितो.

दुसरे असे की, चित्रपटाच्या कामाला एक शिस्त असते, आणि ती स्वमग्न मुलाच्या स्वभावाला पुष्कळदा मानवते. आधी शांतता, मग 'कॅमेरा', मग पाटी वाजते, मग 'अॅक्शन', शेवटी 'कट'. प्रत्येक वेळी तोच क्रम. एकच गोष्ट दहा वेळा केली तर घरी आपण रागावतो. तेथे तेच काम असते, त्याला 'रीटेक' म्हणतात. मागच्या दृश्यात पेला टेबलाच्या डाव्या कडेला होता की उजव्या, हे लक्षात ठेवावयास तेथे एक खास माणूस नेमतात. ज्या घरी उशीची जागा बदललेली मुलाला खपत नाही, त्या घरच्या आईने याचा विचार करावा.

मात्र एक सावधगिरी. अशा प्रत्येक मुलात काही अलौकिक प्रतिभा दडलेली असते, असे हल्ली बोलले जाते. ते आम्हांस मान्य नाही. काही मुलांना कॅमेरा आवडणार नाही, काही फक्त पाटी वाजवितील, काही नुसती बसून राहतील. आपल्या इतर मुलांकडून तरी आपण प्रतिभेचा दाखला मागून मगच त्यांना वर्गात बसवितो काय?

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला हे आपण जाणताच. त्याआधी १९१२ साली भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी एक अगदी छोटा चित्रपट केला. कुंडीत मटार पेरला, कॅमेरा समोर ठेवला, आणि रोप वाढेल तसतसे ठराविक वेळाने एकेक चित्र टिपले. पडद्यावर क्षणांत अंकुर फुटून वेल चढताना दिसली. आपल्या देशातील या कलेच्या आरंभी अशी चिकाटी आहे. घरच्या सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून सर्व कामे शिकल्या. तारामती झाले ते अण्णा साळुंके उपाहारगृहात काम करीत होते. त्यांपैकी कोणी या कलेची पदवी घेऊन आले नव्हते.

नुसत्या तर्काने कार्यकारी मंडळाचे समाधान झाले नाही, म्हणून आम्ही एक लहानसा प्रयोग केला. आपल्या ज्ञातीतील दोन महाविद्यालयीन मुलींच्या मदतीने, तीन मुले आणि त्यांच्या आया अशी मंडळी घेऊन आम्ही चार रविवार हिंडलो. निसर्ग उद्यानात गेलो, स्थानकावर गेलो, एकदा खाडीकाठी गेलो. ज्याचे नाव त्या पत्रिकेत आईने लिहावयास लावले तो मुलगाही होता. हा मुलगा अधूनमधून घरातून निसटून खाडीच्या बाजूला जातो, आणि त्यामुळे घरच्यांच्या जिवाला घोर. दाराला वरून कडी आली, मारही बसला.

त्या दिवशी ओहोटी होती. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात; मदतनीस मुली आणि आम्ही स्वतः सारे त्यांच्याच मागे लागलो होतो. मुलाच्या हाती मोबाईल दिला, तिवई लावून दिली. त्याने पक्ष्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. मोबाईल चिखलाकडे वळवून तो उभा राहिला तो चाळीस मिनिटे हलला नाही. पुढे-मागे डुलणेही थांबले होते. नंतर आम्ही सर्वांनी ते चित्र पाहिले. चिखलात निवट्या उड्या मारीत होत्या. एक बिळातून बाहेर येई, पंख ताठ करी, उडे आणि नाहीशी होई, मग दुसरी. निवटीचे कालवण आपण जन्मभर खाल्ले, पण तिला असे उडताना इतका वेळ कोण पाहत बसले होते? त्याची आई ते चित्र दोनदा पाहून म्हणाली, "ह्याच्यासाठी जातो व्हय तू?" तो बोलला नाही, त्याला फारसे बोलता येत नाही. त्याने मोबाईल तिच्या हातून घेतला आणि तेच चित्र पुन्हा सुरू करून तिच्यापुढे धरले.

आता त्याचे वडील ओहोटीची वेळ पाहून आठवड्यातून एकदा त्याला स्वतः खाडीवर नेतात. तो बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. तो आजारी नव्हताच.

कायद्याचे पाठबळही या कामी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलेचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल अशा रीतीने नव्याने आखावेत, असे २९ व्या कलमात सांगितले आहे. ते सरकारचे कर्तव्य खरे. पण सरकारची वाट पाहत बसलो तर आजची मुले म्हातारी होतील. आणि २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांत दिव्यांगांची टवाळी करू नये, त्यांचे चित्रण करताना त्यांना सहभागी करून घ्यावे, असे स्पष्ट सांगितले. हे आपल्या गणेशोत्सवातील विनोदी नाटुकल्यांनाही लागू करून घ्यावे, अशी आमची खाजगी विनंती आहे. तोतऱ्याचे आणि वेड्याचे सोंग काढून पिकविलेला हशा आम्ही पुष्कळ ऐकला.

खर्चाविषयी. दोन जुने पण चांगले मोबाईल, एक तिवई, एक बाहेरचा मायक्रोफोन, आणि कानांवर गोंगाट न येऊ देणारी चार आवरणे, कारण काही मुलांना मोठा आवाज सहन होत नाही. यातील बरेचसे आपल्या घरांतील कपाटांत पडून आहे. वर्गात आठांपेक्षा अधिक मुले नकोत आणि दोघांमागे एक मदतनीस हवा. भिंतीवर त्या दिवशीचा क्रम चित्रांनी लावलेला असेल, म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला आधी कळेल. एका वेळी एकच सूचना द्यावयाची. ज्याला दमल्यासारखे होईल त्याच्यासाठी शेजारची कोठीची खोली रिकामी करून तेथे सतरंजी घालावयाची आहे. तेथील मोडक्या खुर्च्या कार्यवाहांनी तेवढ्या हलवाव्यात.

मुलांनी टिपलेले चित्र कोणास दाखवावयाचे, हे त्या मुलाला आणि घरच्यांना विचारल्यावाचून ठरणार नाही. मुलाने मान हलवून नको म्हटले तरी ते नको. कोणीही ते आपल्या मोबाईलवरून इकडेतिकडे पाठवावयाचे नाही. कौतुकाने पाठविले तरीही नाही.

वधूवर समितीच्या मंडळींना एक सांगावयाचे आहे. आमच्या वर्गाची नोंदवही निराळी राहील आणि समितीकडे जाणार नाही. खरे म्हणजे अशी तजवीज करावी लागते हेच आम्हांस आवडलेले नाही. ज्या स्थळाला मुलीचा भाऊ पाहून पाय मागे घ्यावासा वाटतो, ते स्थळ पुढे त्या मुलीच्या आजारपणात काय करील, याचा हिशेब वधूपित्यांनी आपल्या मनाशी मांडावा. पण आज भय आहे, आणि भय असताना आई मुलाला दाराबाहेर काढणार नाही. म्हणून वही निराळी.

वर्ग दर रविवारी सकाळी १० ते ११॥ असा, याच सभागृहात, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होईल. वयाची अट चौदा वर्षांपुढे, वरची मर्यादा नाही. चाळिशीतले कोणी असतील तर त्यांनाही आणावे. पहिल्या दिवशी ध्वनिक्षेपक नसेल, हारतुरे नसतील, भाषण नसेल. आमचेसुद्धा नाही. मदतनीस म्हणून येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी त्याआधी एक रविवार आमच्याकडे बसून समजून घ्यावे. वही दाराजवळच्या टेबलावर, पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवलेली आहे. आतापर्यंत तिच्यात पाच नावे आली आहेत. आठ व्हावयास तीन उरली.